निकाल लागला कधी, कळला कधी?

फेब्रुवारी २०१९. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाबा म्हणाले, "गावच्या जमिनीचा सातबारा आता ऑनलाइन निघतो म्हणे. बघ जरा." मी महाभूलेखची साइट उघडली, जिल्हा, तालुका, गाव निवडलं, गट नंबर टाकला. सातबारा आला. त्यावर बाबांचं नाव नव्हतं.

आधी वाटलं, गट नंबर चुकला. दोनदा तपासला. आजोबांच्या वाट्याची सव्वा एकर जमीन आता अण्णाकाकांच्या एकट्याच्या नावावर होती. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. फेरफार काढल्यावर कळलं, की हा बदल कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून झालाय. तोंडी वाटपात ही जमीन आपल्याकडे आली, असं म्हणून काकांनी २०१६ मध्ये दावा लावला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याचा एकतर्फी निकाल लागला. समन्स बजावूनही प्रतिवादी हजर राहिले नाहीत, असं निकालात लिहिलं होतं. ते प्रतिवादी म्हणजे माझे बाबा. त्यांच्या हातात समन्स कधी पडलंच नव्हतं.

वकीलबाईंनी कोर्टातून कागदांच्या नकला काढल्या. त्यात परत आलेल्या रजिस्टर पाकिटाची नक्कल होती. पत्ता नारायण पेठेतल्या वाड्याचा. आम्ही तिथून २०११ मध्येच धायरीला राहायला गेलो होतो. पण वाड्याचे मालक आणि भाडेकरू यांचं काही ठरत नव्हतं, म्हणून आमच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. पुण्यात ज्यांच्या घरच्यांनी वाड्यातल्या खोलीवरचा हक्क सोडलेला नाही, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाकिटावर पोस्टमनचे शेरे होते : "दार बंद. इंटिमेशन दिले." आणि काही दिवसांनी : "मुदतीत नेले नाही. परत." बेलिफाचा अहवालही तसाच. दार बंद, म्हणून समन्स दाराला चिकटवलं.

पोस्टमन खोटं बोलला नव्हता. बेलिफही नाही. दार खरंच बंद होतं.

मी वकीलबाईंना विचारलं, "पण मॅडम, आम्हाला मिळालंच नाही ना?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला मिळालं की नाही आणि कायद्याने मिळालं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत."

या दोन प्रश्नांमधलं अंतर मी नंतर बरीच वर्षं वाचत राहिलो. ते आमच्या घरापुरतं नाही आणि नवंही नाही. ते पुणे जिल्ह्यातच दीडशे वर्षांपूर्वी एवढं वाढलं होतं, की त्यातून दंगा झाला, चौकशी आयोग बसला आणि नवा कायदा आला.

जप्ती आली की कळायचं

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला, आज बारामती तालुक्यात असलेल्या गावी, आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले तिथे जाळले. दंगा पुण्याहून नगर जिल्ह्यात पसरला, तीसहून जास्त गावांत पोचला. शाळेच्या पुस्तकात आपण 'दख्खनचे दंगे' म्हणून हे वाचतो आणि परीक्षेनंतर विसरतो. शेतसारा, अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर पडलेले कापसाचे भाव, सावकारी ही कारणं आपल्याला पाठ असतात. कोर्टाचं काय झालं होतं, ते मात्र क्वचितच सांगितलं जातं.

१८५९ मध्ये दोन मोठे कायदे आले. एक दिवाणी प्रक्रिया संहिता, म्हणजे दावा कसा चालवायचा याचे नियम. दुसरा मुदतीचा कायदा, म्हणजे दावा किती वर्षांत लावायचा याचे नियम. साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत मिळाली. हेतू चांगला होता. जुनी कर्जं वर्षानुवर्षं चक्रवाढ व्याजाने फुगू नयेत, म्हणून ही मुदत. झालं उलटं. मुदत संपत आली, की सावकार शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घ्यायचा. त्यात जुनं मुद्दल आणि साचलेलं व्याज मिळून नवं मुद्दल व्हायचं. तीन वर्षांनी पुन्हा तेच. वाचता न येणारा माणूस अंगठा लावायचा.

शेतकऱ्याने नवा रोखा लिहून दिला नाही, तर सावकार तालुक्याच्या कोर्टात दावा लावायचा. समन्स घेऊन शिपाई निघायचा. तो गावात पोचलाच, तर माणूस शेतात. कधी समन्स न बजावताच 'बजावलं' असा अहवाल जायचा. शेतकरी तारखेला हजर नसायचा. अशा दाव्यांतले निकाल मोठ्या प्रमाणावर एकतर्फी लागत होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटसमोर गेला. रोखे कसे लिहून घेतले जातात आणि कोर्टात शेतकऱ्याचं काय होतं, हे प्रश्न त्या चौकशीत पुढे आले होते.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते १८५९ च्या संहितेतल्या एका तरतुदीचं. एकतर्फी निकाल रद्द करून घ्यायचा असेल, तर ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. हे ३० दिवस कधीपासून मोजायचे? निकालाच्या तारखेपासून नाही. निकालाची अंमलबजावणी झाली, म्हणजे जप्ती वगैरे आली, तिथपासून. कायदा लिहिणाऱ्याला माहीत होतं, की अनेकांना आपल्याविरुद्ध दावा होता हे दारातलं जनावर सोडून नेताना पहिल्यांदा कळणार आहे. त्याने घड्याळ त्या क्षणाला लावलं.

पण ज्याचे बैल गेलेत, त्याने ३० दिवसांत तालुक्याला जायचं, वकील गाठायचा, स्टॅम्पाचे पैसे भरायचे, अर्ज लिहवून घ्यायचा. घड्याळ बरोबर वेळेला सुरू झालं, तरी ते थांबायच्या आत धावत पोचायला पाय हवेत.

न्यायाधीशानेच गावात जायचं

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. इंग्रजी नाव डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात कर्जाच्या दाव्यांची मुदत वाढवली, म्हणजे तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचं सावकाराचं निमित्त गेलं. कोर्टाने शक्यतो प्रतिवादीची स्वतः साक्ष घ्यायची आणि रोख्यावरचा आकडा न मानता कर्जाचा सुरुवातीपासूनचा हिशेब तपासायचा, असं ठरलं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

पण मला थबकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. या कायद्याच्या एका मोठ्या भागातल्या दाव्यांना अपीलच नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, गरिबाचा हक्क काढून घेतला की काय. मग पुढची कलमं वाचली. अपिलाच्या जागी पुनर्तपासणी आणली होती. जिल्हा न्यायाधीश किंवा खास नेमलेला विशेष न्यायाधीश खालच्या कोर्टांची कागदपत्रं मागवून निकाल योग्य आहे का ते पाहू शकत होता. चुकीचा असेल तर बदलू शकत होता. शेतकऱ्याने मुदतीत अपील केलंय का, हा प्रश्नच त्याच्या आड येत नव्हता.

यामागचा विचार साधा आहे. अपील हा हक्क निकाल कळलेल्याचा, वकील परवडणाऱ्याचा आणि तारखा सांभाळता येणाऱ्याचा. खटल्यात तो बहुतेकदा सावकार असायचा. शेतकरी वर येऊ शकत नसेल, तर वरच्याने खाली जायचं.

हे खाली जाण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८७१ पासून ते पुण्यात न्यायाधीश होते. १८८० च्या दशकात ते या कायद्याखाली आधी साहाय्यक आणि मग विशेष न्यायाधीश झाले. १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टावर जाईपर्यंत त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ या कामात गेला. तालुक्या-तालुक्याला जायचं, कोर्टाचं दप्तर उघडायचं, निकाल वाचायचे. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी'मध्ये या काळातल्या फिरतीबद्दल लिहिलंय. समाजसुधारक रानडे आपल्याला माहीत असतात. तालुक्याच्या दप्तरात बसून दुसऱ्यांचे निकाल तपासणारे रानडे फारसे माहीत नसतात.

या कायद्याने सावकारी संपली नाही. सावकारांनी वाटा काढल्या. कर्जाच्या ऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागले. पण एक गोष्ट या कायद्याने कागदावर मान्य केली होती. ज्याला निकाल पोचत नाही, त्याला मुदत देऊन भागत नाही.

तारीख म्हणजे कुठली तारीख

पुढे पोस्ट आलं, म्हणजे कोर्टाच्या कामात आलं. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ ने सांगितलं : बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून, रजिस्टर पोस्टाने पाठवलं, की नेहमीच्या टपालाला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात ते पोचलं असं धरायचं. उलट सिद्ध करायचं असेल तर ज्याला पोचलं नाही त्याने करावं. ही सोय समजण्यासारखी आहे. नाहीतर जो तो पाकीट घ्यायचं नाकारेल आणि एकही दावा चालणार नाही. सगळा भार 'बरोबर पत्ता' या दोन शब्दांवर आहे.

आणि मुदती असायलाच हव्यात, हेही खरं. निकाल जिंकलेल्या माणसालाही कधीतरी निवांत झोपता आलं पाहिजे. वीस वर्षांनी कोणीतरी येऊन "मला कळलंच नव्हतं" म्हणेल, या भीतीत कोणी घर बांधणार नाही.

आजच्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात दोन रस्ते आहेत. अपील करायचं तर जिल्हा न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस, आणि ते हुकूमनाम्याच्या तारखेपासून. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळतात. पण एकतर्फी निकाल रद्द करून घ्यायचा असेल, तर १२३ वं कलम वेगळं बोलतं : ३० दिवस, निकालापासून, समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल, तर निकाल कळला त्या दिवसापासून. वर एक स्पष्टीकरण आहे. थेट बजावता येत नाही म्हणून पर्यायी मार्गाने केलेली बजावणी, उदाहरणार्थ पेपरातली जाहीर नोटीस, या कलमापुरती रीतसर धरायची नाही. पेपरातली ती बारीक टायपाची पानं कोण किती वाचतं, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

याच विषयावरचा मला सगळ्यात आवडलेला निकाल १९६१ चा आहे. लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. ते जन्माने सातारचे, पुण्यात डेक्कन कॉलेज आणि लॉ कॉलेजात शिकलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. प्रकरण उत्तर प्रदेशातल्या भूसंपादनाचं होतं. भरपाईचा निवाडा सही होऊन दाखल झाला मार्च १९५१ मध्ये. जमीनमालकाला कोणी कळवलं नाही. त्याला कळलं जानेवारी १९५३ मध्ये. निवाड्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत हरकत घ्यायची, असं कायदा म्हणत होता. त्याने कळल्यावर दुसऱ्याच महिन्यात अर्ज केला. हायकोर्ट म्हणालं, मुदत संपली.

सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. गजेंद्रगडकरांचं म्हणणं थोडक्यात असं : निवाड्याची तारीख म्हणजे अधिकाऱ्याने आपल्या खोलीत बसून सही केली ती तारीख, असा अर्थ यांत्रिक आहे. ज्याच्या हक्कावर परिणाम होतो त्याला तो कळवला, किंवा त्याला कळायला हवा होता, ती खरी तारीख. नाहीतर हक्क सुरू व्हायच्या आत संपेल.

१९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका भूसंपादनाच्याच प्रकरणात चार दिवसांचा उशीर माफ केला आणि सांगितलं, की उशिराच्या प्रत्येक दिवसाचं स्पष्टीकरण मागताना अक्कल वापरा. उशीर करून सहसा कोणाचा फायदा होत नसतो. यात उशीर झाला होता सरकारला. कोर्टाने म्हटलं, नियम सरकारलाही तोच आणि माणसालाही तोच.

निळी टिक

माझं काम बॅकएंडचं. एका सर्व्हरने दुसऱ्याला मेसेज पाठवला, की आम्ही पोच येण्याची वाट पाहतो. पोच आली म्हणजे मेसेज त्या मशीनपर्यंत गेला. तो तिथे कोणी वाचून काम केलं का, हे त्यावरून कळत नाही. नवा इंजिनिअर हमखास ही चूक करतो, मीही केली होती. 'डिलिव्हर्ड' दिसलं की काम झालं असं धरायचं.

२०१८ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली, असं मानलं. पीडीएफ पोचली होती आणि उघडलीही होती, हे टिकांवरून दिसत होतं. मग कोव्हिड आला. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२० मध्ये ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमांतून बजावणीला परवानगी दिली. आणि शेवटी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळून टाकला. जवळपास दोन वर्षं देशभरातली ही घड्याळं थांबवली होती, कारण माणसं कोर्टात पोचू शकत नव्हती. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पोलिसांनी चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची नाही. अटकेचा प्रश्न असेल तिथे टिकेवर विसंबता येणार नाही.

आता बेलिफाच्या हातात स्मार्टफोन असतो. 'एनस्टेप' नावाच्या यंत्रणेत तो दारापर्यंत गेला का, हे जीपीएसवरून नोंदवलं जातं. १८७५ चा न गेलेला शिपाई यात पकडला जाईल. आमच्या वाड्याचं कुलूप पकडलं जाणार नाही. जीपीएस अचूक सांगेल, की बेलिफ बंद दारासमोर उभा होता. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. पाकीट आता वेगाने जाईल. चुकीच्या पत्त्यावरही वेगानेच जाईल.

एकेचाळीस दिवस

बाबांच्या प्रकरणात 'कळलं त्या दिवसापासून ३० दिवस' हा रस्ता होता. आम्ही अर्ज केला एकेचाळिसाव्या दिवशी.

ते अकरा दिवस कुठे गेले, हे मला नीट माहीत आहे. सातबारा पाहिल्यावर बाबा म्हणाले, "आधी अण्णाला विचारू. काहीतरी गैरसमज झाला असेल." दोनदा फोन केला, उचलला नाही. मग स्वतः गावी गेले. काकू म्हणाल्या, ते बाहेर गेलेत. बाबा पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. भावावर कोर्टात जायच्या आधी त्याला समोर बसून विचारावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वकीलबाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी तारखा मोजल्या आणि डोक्याला हात लावला. विलंब माफीच्या अर्जात त्या अकरा दिवसांबद्दल लिहावं लागलं : "अर्जदार आपसात तडजोडीचा प्रयत्न करीत होते."

काकांच्या वकिलांचं म्हणणं होतं, की पत्ता बरोबर होता, कुलूप आमचं होतं, आणि आम्ही मुद्दाम पाकीट घेतलं नाही. वाड्याच्या खोलीवर हक्क सांगायचा आणि तिथे आलेलं पत्र मात्र आपलं नाही म्हणायचं, हे कसं चालेल? खरं सांगायचं तर या प्रश्नाने मी गप्प झालो होतो. कुलूप आमचंच होतं.

शेवटी उपयोगी पडली ताईच्या लग्नाची पत्रिका. २०१४ ची. निमंत्रक म्हणून बाबांचं नाव आणि खाली धायरीचा पत्ता. आणि लग्नाच्या अल्बममध्ये अक्षता टाकताना अण्णाकाका. म्हणजे दावा लावायच्या दोन वर्षं आधी त्यांना नवा पत्ता माहीत होता. बाकी राहिलं ते 'बरोबर पत्ता' या दोन शब्दांचं उत्तर, आणि ते पत्रिकेने दिलं.

मध्ये कोव्हिडमुळे तारखा पडत राहिल्या. २०२२ मध्ये कोर्टाने उशीर माफ केला, तीन हजार रुपये खर्च भरायला लावला आणि एकतर्फी निकाल रद्द केला. दावा पुन्हा सुरुवातीपासून चालू आहे. काका जिंकतीलही. तोंडी वाटप खरंच झालं होतं का, हे आजोबांनंतर कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण आता बाबा तिथे उभे राहून आपली बाजू सांगतात.

मी दर सहा महिन्यांनी ई-कोर्ट्सच्या साइटवर बाबांचं, आईचं, ताईचं आणि माझं नाव टाकून बघतो. जिल्हा निवडायचा, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. पाच मिनिटं लागतात. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांसाठीही बघा, विशेषतः गावी जमीन असेल किंवा जुन्या पत्त्यावर कुलूप असेल तर. रानडे आता फिरतीवर येणार नाहीत.

बाबांनी वाड्याच्या दारावर कागद चिकटवलाय. त्यावर धायरीचा पत्ता आणि माझा मोबाइल नंबर आहे. मागच्या महिन्यात पोस्टमनचा फोन आला होता. वीजबिल होतं. बाबा म्हणाले, "त्याला आधी थँक्यू म्हण." मग थोड्या वेळाने, पेपर वाचता वाचता, मान वर न करता म्हणाले, "अण्णाकडेही माझा नंबर होता रे."